नखं ‘लिफ्ट’ का होतात, आणि सुटलेलं नख चिकटवायचं का नाही



भाऊबीज होऊन दोन आठवडे झाले असतील. तिशीतल्या एक ताई दवाखान्यात आल्या. खुर्चीत बसल्या तरी उजव्या हाताचा अंगठा मुठीत धरूनच बोलत होत्या. "डॉक्टर, नखाला बुरशी लागलीय. मेडिकलमधून मलम आणलं, आठ दिवस लावतेय, काही फरक नाही." अंगठा पुढे केला तेव्हा नखाचा एक कोपरा काळपट हिरवा दिसला, शेवाळ धरलेल्या हौदाच्या भिंतीसारखा. दुखत नव्हतं, सूज नव्हती, पू नव्हता.

विचारल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरात्रात ऑफिसच्या कार्यक्रमासाठी त्यांनी नेल एक्स्टेंशन करून घेतलं होतं. दोन आठवड्यांनी अंगठ्याच्या नखाची एक कड थोडी उचलली गेली. पार्लरमध्ये सणाची गर्दी, अपॉइंटमेंट मिळेना. मग घरात होता तो झटपट चिकटणारा गोंद त्या फटीत सोडला, वरून दाबून धरलं, वर नेलपॉलिश लावलं. नंतर घराची साफसफाई, भांडी, फराळ. हात दिवसभर पाण्यात. भाऊबिजेनंतर सगळं काढलं तेव्हा खाली हे हिरवं दिसलं.

ती बुरशी नव्हती. स्यूडोमोनास नावाचा एक जिवाणू असतो. तो ओलाव्यात वाढतो आणि हिरवी-निळी रंगद्रव्यं तयार करतो. नख आणि त्यावरचं कृत्रिम आवरण यांच्यामध्ये फट पडली, तिच्यात पाणी शिरलं आणि वरून गोंदाचं झाकण बसलं, की त्याला हवं ते सगळं मिळतं. बुरशीचं मलम अशा नखावर वर्षभर लावलं तरी उपयोग होत नाही.

मी काही सौंदर्यतज्ज्ञ नाही, साधा फिजिशियन आहे. पाच-सात वर्षांपूर्वी मला कोणी ‘लिफ्टिंग’ म्हटलं असतं तर मला जिममधलं वजन उचलणं आठवलं असतं. पण आता असे हात माझ्यासमोर वरचेवर येतात, आणि त्यातले बरेचसे आजार नख सुटल्यामुळे जितके झालेले असतात तितकेच, किंवा थोडे जास्तच, नख सुटू नये म्हणून केलेल्या चुकीच्या उपायांमुळे झालेले असतात. म्हणून हा लेख. नखं करूच नका असं मी सांगणार नाही. माझ्या घरातही कोणी ते ऐकणार नाही.

यातली कामाची बाजू मला एका नेल आर्टिस्ट मुलीने समजावून सांगितली. ती माझ्याकडे शिकवायला आली नव्हती, पेशंट म्हणून आली होती. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

ओल आलेली भिंत आणि ऑइल पेंट

आपलं नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे एकावर एक दाबून बसलेले थर. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. हा वरचा कडक भाग निर्जीव असतो, म्हणून नख कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते नखाचं मूळ, जे मागच्या कातडीखाली दडलेलं असतं, आणि नखाखालची गुलाबी त्वचा. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे आज मुळाशी झालेली इजा टोकापर्यंत येऊन कापली जायला पाच-सहा महिने लागतात.

आता महत्त्वाची गोष्ट. नख पाणी शोषतं. भांडी घासून आल्यावर नखं मऊ आणि वाकणारी वाटतात ना, ती त्यामुळेच. ओलं झालं की नख किंचित फुगतं, वाळलं की आकसतं. त्याच्यावर बसवलेलं जेल किंवा ॲक्रिलिक मात्र तसं फुगत नाही. एक थर हलतोय आणि दुसरा जागचा हलत नाही, असं झालं की दोघांच्या मधल्या जोडावर ताण येतो. ओल आलेल्या भिंतीवर ऑइल पेंट मारला तर काय होतं? दोन महिन्यांत फुगे येतात आणि पापुद्रे निघतात. आपण पेंटवाल्याला शिव्या देतो, पण दोष बहुतेक वेळा भिंतीच्या तयारीत असतो.

नखांचंही तसंच आहे. ‘मटेरियल भारी वापरा, सुटायला नको’ असं आपण सांगतो. खरं तर सुटणं न सुटणं हे बरंचसं मटेरियल लावण्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत ठरतं.

त्यात पहिली चूक अशी, की पार्लरच्या पॅकेजमध्ये आधी मॅनिक्युअर आणि लगेच एक्स्टेंशन असतं. मॅनिक्युअरमध्ये बोटं साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवतात, नंतर क्रीमने मसाज. छान वाटतं. पण नखाने पाणीही पोटभर प्यायलं आणि वर तेलाचा थरही बसला. टॉवेलने पुसून ते पाणी जात नाही. नखं करायची असतील तर तयारी कोरडीच हवी, हे स्पष्ट सांगा. मॅनिक्युअर हवंच असेल तर आदल्या दिवशी करा. ज्या दिवशी नखं करायची त्या दिवशी सकाळी केसांना तेल लावणं, हातांना व्हॅसलीन चोळणं टाळा. कणीक मळून, हात धुऊन तसंच स्कूटरवर बसून पार्लर गाठू नका, अर्धा-पाऊण तास हात कोरडे राहू द्या. तळहाताला खूप घाम येणाऱ्यांची नखं लवकर सुटतात, हेही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मुळाशी सुटणं आणि टोकाशी सुटणं

त्या मुलीने मला एक चांगली गोष्ट शिकवली. नख कुठून सुटलं ते पाहिलं की का सुटलं ते कळतं.

मुळाच्या बाजूने, कातडीजवळून सुटलं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. नखाच्या मुळाशी कातडीची घडी असते, आणि तिच्याखालून नखावर मृत त्वचेचा एक पातळ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा पुढे सरकत असतो. खरं क्युटिकल ते. तो पापुद्रा नीट खरवडून काढला नाही, तर जेल नखाला न चिकटता त्या पापुद्र्याला चिकटतं, आणि पापुद्रा सुटला की जेलही सुटतं. दुसरं कारण म्हणजे जेल कातडीवर सांडणं. कातडी सतत हलते, तेल सोडते, तिथून कड उचलली जाते आणि मग फट आत आत जाते. म्हणून चांगली कारागीर कातडी आणि जेल यांच्यामध्ये केसाएवढी जागा सोडते. ती जागा पाहून ‘इथे राहिलंय, भरा ना’ असं म्हणू नका.

इथे डॉक्टर म्हणून मला जोरात बोलावं लागतं. मृत पापुद्रा काढणं वेगळं आणि ती जिवंत कातडीची घडी कात्रीने कापणं वेगळं. ही घडी म्हणजे नखाच्या मुळाचं सील आहे. पाणी, साबण, जंतू आत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने बसवलेलं. तिथे कात्री लागून रक्त आलं तर ‘होतं थोडंसं’ म्हणून सोडू नका, काम थांबवा. नखुरडं झालेले किती हात मी पाहिले आहेत, त्यांची सुरुवात अशाच एका ‘थोडंसं’पासून झालेली असते. वर ओल्या जखमेवर जेलची रसायनं लागतात ती वेगळीच.

टोकाकडून किंवा बाजूने सुटलं तर कारण बहुधा लांबी असते. लांब नख म्हणजे पहार. टोकाशी थोडा जोर लागला तरी मागे जोडावर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. कोल्ड्रिंकचा कॅन उघडणं, स्टिकर खरवडणं, कुकरच्या झाकणाची रिंग नखाने ओढणं. ही कामं बोटाच्या पेराने किंवा चमच्याने करायची. शिवाय रोज धुणी-भांडी स्वतः करणाऱ्या हाताला आणि फोटोतल्या मॉडेलच्या हाताला एकच लांबी कशी चालेल? टोकाची कड जेलने बंद केली नसेल तरी तिथून पाणी शिरतं. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. घरातले हसतील, हसू द्या.

आणि तिसरी गोष्ट दिव्याची. जेल दिव्याखाली धरलं की कडक होतं. ते पूर्ण कडक व्हायला त्या जेलसाठी योग्य दिवा, योग्य वेळ आणि पातळ थर लागतो. एका कंपनीचं जेल आणि कुठला तरी स्वस्त दिवा अशी जोडी जमेलच असं नाही. पाच बोटं एकदम आत घातली की अंगठा तिरका राहतो आणि त्याच्यावर प्रकाश नीट पडत नाही. त्यामुळे अंगठा वेगळा धरायला हवा. वरून कडक दिसणारं जेल आत कच्चं राहिलं तर ते लवकर सुटतंच, शिवाय त्यातली कच्ची रसायनं कातडीला लागत राहतात.

‘जास्त घासलं की जास्त चिकटतं’

या समजुतीशी माझं सगळ्यात जास्त भांडण आहे.

नख सुटलं की गिऱ्हाईक तक्रार करतं. तक्रार आली की पुढच्या वेळी फाइल जास्त जोरात, किंवा ड्रिल मशीन जास्त वेळ. हेतू वाईट नसतो. पण नखावरची चकाकी घालवण्यापुरतं हलकं बफिंग पुरतं. त्याहून जास्त घासलं की नखाचे थरच निघतात. अर्धा मिलिमीटरची जाडी, त्यातून किती काढणार? पातळ झालेलं नख जास्त वाकतं, जास्त वाकलं की वरचं कडक आवरण आणखी लवकर सुटतं. मग पुन्हा तक्रार आणि पुन्हा घासणं. चार-पाच फेऱ्यांनंतर बाई माझ्यासमोर येऊन म्हणतात, "माझी नखं मुळातच कमजोर आहेत, कॅल्शियम लिहून द्या." कॅल्शियमचा इथे काहीही संबंध नाही.

तुम्हाला कळणारी खूण सांगतो. दिव्याखाली हात घातल्यावर नख चटकन भाजल्यासारखं झालं तर हात बाहेर काढा. जेल कडक होताना उष्णता निघतेच, पण ती झोंबण्याइतकी जाणवली तर थर जाड लावलाय किंवा नख फार पातळ झालंय. मुळाजवळ अर्धचंद्राच्या आकाराची लाल रेघ दिसली तर ती ड्रिलची करामत. ‘सहन करा, दोन मिनिटं’ हे वाक्य तिथे ऐकून घेऊ नका.

प्रायमरचंही असंच. काही प्रायमरमध्ये मेथॅक्रिलिक ॲसिड असतं. नखावर अगदी थोडं लावायचं असतं. ‘चांगलं चिकटावं’ म्हणून ओतलं आणि कातडीवर ओघळलं तर भाजतं.

आता एक जुनी गोष्ट, कारण तिच्यातून मुद्दा नीट समजतो. अमेरिकेत कृत्रिम नखांसाठी मिथाइल मेथॅक्रिलेट, म्हणजे एमएमए, नावाचं द्रावण वापरलं जायचं. ते स्वस्त होतं आणि चिकटायचं तर असं की विचारू नका. लिफ्टिंगची तक्रारच नाही! पण लोकांची बोटं सुजू लागली, ॲलर्जी होऊ लागली, नखं वेडीवाकडी झाली. तक्रारी आल्यावर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९७४ मध्ये कोर्टात जाऊन शंभर टक्के एमएमए असलेली उत्पादनं बाजारातून काढायला लावली. त्याची मोठी अडचण अशी, की ते आवरण नखापेक्षा मजबूत असतं. हात दारावर आपटला तर आवरण तुटत नाही, तुमचं स्वतःचं नख उपटून निघतं.

म्हणून माझं मत असं आहे, की कधीच न सुटणारं नख हे चांगल्या कामाचं लक्षण नाही. जोड तुमच्या नखापेक्षा किंचित कमजोर असायला हवा. दोन-तीन आठवडे टिकावं आणि काढायचं ठरवलं की ॲसिटोनमध्ये मऊ होऊन निघावं. ज्याला तासाभर ॲसिटोनमध्ये ठेवूनही काही होत नाही, कापायलाच लागतं, जे लावताना डोकं उठवणारा उग्र वास येतो आणि जे बाकीच्यांपेक्षा खूपच स्वस्त आहे, त्यात काय आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर उठून या.

ती मुलगी

तिचं वय तेवीस. दोन्ही हातांच्या पहिल्या तीन बोटांची टोकं फाटलेली, भेगा पडलेल्या, खाज इतकी की रात्री झोप नाही. तिला वाटत होतं साबण लागत नसेल. भावाने सांगितलं, उष्णता झालीय, ताक पी. मी विचारलं काम काय करतेस, तेव्हा उलगडा झाला. जेल कातडीवर सांडलं तर तिथून सुटतं हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून ती सांडलेलं कच्चं जेल दर वेळी स्वतःच्या बोटाच्या टोकाने पुसून घ्यायची. दिवसाला सहा-सात गिऱ्हाइकं, प्रत्येकीची दहा बोटं. गिऱ्हाइकाचं नख सुटू नये म्हणून तिने स्वतःचे हात दिले म्हणा ना.

त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली. ॲक्रिलेटची ॲलर्जी. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि ती नखांपुरती राहत नाही. याच कुटुंबातली रसायनं दातात भरायच्या पांढऱ्या सिमेंटमध्ये असतात, गुडघा बदलताना वापरतात त्या बोन सिमेंटमध्ये असतात, मधुमेहींच्या दंडावर लावायच्या काही ग्लुकोज सेन्सरच्या चिकटपट्टीतही सापडली आहेत. तेवीस वर्षांच्या मुलीला पुढे कधी दात भरायला जाताना आधी ही ॲलर्जी सांगावी लागणार. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१२ साली ॲक्रिलेटला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. अशी पदवी कोणाला मिळू नये. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम केला, की हेमा नावाचं ॲक्रिलेट असलेली नखांची उत्पादनं फक्त प्रशिक्षित व्यावसायिकांनीच वापरायची आणि तसं पाकिटावर लिहायचं. आपल्याकडे मात्र शाळेतली मुलगी ऑनलाइन किट मागवते आणि व्हिडिओ बघून दिवाणखान्यात बसून जेल लावते.

गिऱ्हाइकालाही ही ॲलर्जी होते. बोटांच्या टोकाशी खाज आली तर लगेच लक्षात येतं, पण कधी कधी पुरळ पापण्यांवर, गालावर, मानेवर येतं, कारण तो हात तिथे लागत असतो. मग काजळ बदललं जातं, फेसवॉश बदलला जातो, नखांवर कोणाचा संशयच जात नाही. पापणीला वारंवार खाज येत असेल आणि तुम्ही जेल नखं करत असाल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आम्हीही विचारायला विसरतो.

नेल आर्टिस्ट हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. सांडलेलं जेल बोटाने पुसू नका, दिव्यात हात घालायच्या आधी लाकडी काडीने काढा. हातमोजे घालता हे छान, पण पातळ नायट्राइल मोज्यांमधूनही ही रसायनं काही मिनिटांत आत उतरतात. जेल लागलं की मोजा लगेच बदलायचा, दिवसभर एकच जोडी चालत नाही.

सुटलंच तर

एवढं सगळं नीट करूनही नख कधी ना कधी सुटेल, कारण खालचं नख वाढतच असतं.

सुटलेली कड दाबून चिकटवू नका. गोंद तर नाहीच. आत गेलेलं पाणी आत कोंडलं जातं, आणि कापसाच्या बोळ्याने किंवा सुती कापडाने तो झटपट चिकटणारा गोंद पुसायला गेलात तर कापसाशी त्याची प्रक्रिया होऊन इतकी उष्णता निघते की बोट भाजतं. दाताने ओढू नका, एटीएम कार्डाची कड खाली घालून उपटू नका. तसं केलं की आवरणाबरोबर तुमच्या नखाचे थर निघतात आणि पांढरे खडबडीत चट्टे राहतात. हात कोरडा ठेवा, केसात अडकत असेल तर सुटलेला भाग नेलकटरने जपून छाटा, आणि दोन-तीन दिवसांत पार्लरमध्ये जाऊन तेवढा भाग घासून काढून नव्याने भरून घ्या किंवा पूर्ण काढून टाका. घरी ॲसिटोनने काढत असाल तर गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांच्यापासून लांब बसा. त्याची वाफ चटकन पेट घेते.

काढल्यावर खाली हिरवा, काळपट डाग दिसला तर त्यावर नवीन जेल चढवू नका. ‘नुसता डाग आहे, झाकून टाकते’ असं कोणी म्हटलं तरी नाही. एक खरं, की जिवाणू मेल्यावरही रंग नख वाढेपर्यंत राहतो. पण आत काय चाललंय ते झाकणाखालून कोणालाच कळत नाही. आधी दाखवा. सहसा उपचार साधे असतात. सुटलेला भाग छाटणं, बोट कोरडं ठेवणं, पातळ केलेल्या व्हिनेगरचा शेक किंवा अँटिबायोटिक थेंब. बोट सुजलं, ठसठसलं, पू दिसला तर एक दिवसही थांबू नका. मधुमेह असेल तर अर्धा दिवससुद्धा नाही.

आणखी एक फरक ओळखा. कृत्रिम आवरण नखावरून सुटणं ही एक गोष्ट आणि तुमचं स्वतःचं नख खालच्या गुलाबी त्वचेवरून सुटणं ही दुसरी. दुसऱ्यात नखाखाली पांढरा पोकळ भाग दिसतो. तो आपोआप पुन्हा चिकटत नाही, मागून नवीन नख धरून पुढे यावं लागतं, तोवर वर काहीही लावायचं नाही. तिथे कधी कधी पार्लरचा काही दोष नसतो. थायरॉइड जास्त असणं, सोरायसिस, खरी बुरशी, अशी कारणं आम्ही शोधतो. उलट प्रत्येक लिफ्टिंगला ‘तुमच्या हार्मोन्समुळे होतंय’, ‘गोळ्या चालू असतील’ असं ऐकवणाऱ्या पार्लरवर माझा फारसा विश्वास नाही. दहाच्या दहा बोटांना तीन दिवसांत सुटलं तर आधी तयारीकडे बघा. एकाच नखावर मुळापासून टोकापर्यंत काळी रेघ दिसत असेल आणि ती रुंद होत असेल, तर तिच्यावर डिझाइन काढून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी मात्र ही नखं लावूच नयेत. हे मी मत म्हणून सांगत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीमध्ये १९९७-९८ च्या सुमारास नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात याच स्यूडोमोनासची साथ आली, लागण झालेल्यांपैकी १६ बाळं दगावली. तपासात दोन परिचारिकांच्या हातांशी, एकीची लांब नैसर्गिक नखं आणि दुसरीची कृत्रिम नखं, या साथीचा संबंध दिसला. फक्त नखांमुळेच झालं असं तपास करणाऱ्यांनी म्हटलेलं नाही. पण एवढी शंका पुरेशी आहे. ऑपरेशनसाठी भरती होताना तुमचीही नखं काढून जा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणि आमचे डोळे, दोघांनाही तुमच्या नखाचा खरा रंग बघायचा असतो.

त्या हिरव्या अंगठ्याच्या ताई चैत्रात पुन्हा आल्या होत्या, सासूबाईंच्या बीपीसाठी. मीच म्हटलं, अंगठा दाखवा. हिरवा भाग पुढे सरकत सरकत कापून गेला होता, नख गुलाबी, टोकाशी जरा पातळ. "मे महिन्यात भावाचं लग्न आहे डॉक्टर. करू का?" मी म्हटलं करा. लांबी कमी ठेवा, अंगठा दिव्याखाली वेगळा धरायला लावा, आणि काढायची अपॉइंटमेंट लावतानाच घेऊन ठेवा, लग्नानंतरच्या आठवड्यातली. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आणि घरातला तो गोंद मी माझ्या कपाटात ठेवते."